पावती घ्या, पिशवी जपा
(सोलापूर जिल्ह्यातील एका साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागलात. या वाचनाचा शेतकऱ्याला काय उपयोग, ते आज सांगतो. आधी माझीच चूक सांगतो.

निवृत्त झाल्यावर मी घरची शेती पाहू लागलो. एका मृगात सोयाबीनच्या तीन पिशव्या आणल्या. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, "गुरुजी, पावती कशाला? तशीच न्या, थोडे कमी करतो." मी होय म्हटले. पाऊस चांगला झाला. पण आठ-दहा दिवसांनी पाहतो तर रान मोकळेच! दहा दाण्यांतले दोन-तीन उगवलेले. दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हे बी माझ्याकडचंच कशावरून?" मी गप्प राहिलो. पिशव्या तर फाडून गोठ्याला लावल्या होत्या.

माझ्या बांधाशेजारच्या शेतकऱ्याने तेच बी नेले होते. तो रात्रीच्या वर्गात शिकलेला. पण त्याने पावती घेतली होती, पिशवी जपली होती. त्याने तालुक्याला कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दिला. तक्रार समितीने रानात येऊन पंचनामा केला. पुढे त्याने सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. दीड वर्ष खेटे घातले, पण भरपाई मिळाली. त्याचे बियाणे आणि माझे बियाणे एकच. फरक एका कागदाचा. मी शिकलेला असून अडाणी ठरलो.

आता कायदा ऐका. बियाण्यांचा कायदा १९६६ साली झाला. पिशवीच्या खूणचिठ्ठीवर पिकाचे व वाणाचे नाव, गट क्रमांक, उगवणशक्ती आणि मुदत लिहिलेली असते. सोयाबीनची उगवण शंभरात निदान सत्तर हवी. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते. पावती देणे हे दुकानदाराचे कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याजागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. "शेतकरी पिकवून विकतो, मग तो ग्राहक कसा?" असा वाद बियाणेवाले घालीत. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तो मिटवला. बियाणे घेणारा शेतकरी हाही ग्राहकच, असा निकाल दिला.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. वकील लागतोच असे नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. आणि १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला विचारता येतो.

बाजारातही असेच डोळे उघडे ठेवा. वजनावर सरकारी शिक्का आहे का, पाहा. नसेल तर वैधमापन खात्याकडे तक्रार करा.

म्हणून एवढे करा. बी घेताना चिठ्ठी वाचा. पक्की पावती घ्या. तिच्यावर गट क्रमांक आहे ना, ते स्वतः पाहा. पिशवी आणि मूठभर बी पीक हाती येईपर्यंत ठेवा. बी उगवले नाही तर रान मोडू नका. आधी अर्ज द्या, पंचनामा होऊ द्या.

कायदा आपल्या पाठीशी आहे, पण तो पुरावा मागतो. पावती मागायला लाजू नका. मी लाजलो, आणि एक हंगाम घालवून बसलो.