लिहून देणार आणि लिहून घेणार

या सभेच्या अध्यक्षपदावरून या भाषणाचे प्रतिपादन आरंभीच उघडपणे मांडणे उचित ठरेल, कारण विषय मुळमुळीत भाषेत बोलण्याचा राहिलेला नाही.

मराठी दस्तऐवजात दोन पक्ष असतात: ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. खरेदीखत असो, गहाणखत असो वा भाडेकरार, ज्याच्या शब्दावर दस्त उभा राहतो तो लिहून देणार आणि तो शब्द ज्याने स्वीकारून जपायचा असतो तो लिहून घेणार. माणसाचे लिंग कोणते, या एका प्रश्नापुरता तो माणूस स्वतःच लिहून देणार आहे आणि शासन केवळ लिहून घेणार आहे, हे या भाषणाचे एकमेव म्हणणे आहे. आधार, पारपत्र, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला या कागदांवरील लिंगनोंद बदलून घेताना जे जे अपमान सोसावे लागतात, ते सगळे या दोन पक्षांची अदलाबदल झाल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

वापरात येणाऱ्या संज्ञांचा अर्थ प्रथम सांगितला पाहिजे. ओळखपत्रावरील ‘पुरुष’, ‘स्त्री’ किंवा ‘तृतीयपंथी’ हा उल्लेख म्हणजे लिंगनोंद. जन्माच्या वेळी इतरांनी शरीर पाहून केलेली नोंद आणि स्वतःला उमगलेली लिंगओळख ज्यांच्या बाबतीत जुळत नाही, अशा सर्वांसाठी ‘पारलिंगी’ हा व्यापक शब्द येथे योजला आहे. त्यात जन्मतः मुलगी म्हणून नोंदलेला पारलिंगी पुरुष येतो, मुलगा म्हणून नोंदलेली पारलिंगी स्त्री येते आणि या दोन्ही चौकटींत न मावणारी व्यक्तीही येते. महाराष्ट्रातील हिजडा, जोगता या जुन्या परंपरांतील माणसे स्वतःला कोणत्या शब्दाने ओळखतात हे त्यांनीच ठरवायचे असल्यामुळे त्यांच्यावर कोणताही शब्द लादण्याचा या भाषणाचा हेतू नाही.

हा साहित्याच्या व्यासपीठाचा विषय कसा, अशी शंका काही विद्वानांनी सभेपूर्वी घेतल्याचे ऐकिवात आहे, आणि तिचे उत्तर मराठीच्या क्रियापदातच मिळते. इंग्रजीत ‘आलो’ आणि ‘आले’ यांसाठी एकच रूप चालते, परंतु मराठीत बोलणाऱ्याला पहिल्याच वाक्यात स्वतःचे लिंग उच्चारावे लागते. पारलिंगी मुलगी कित्येक वर्षे ‘मी आलो’ म्हणत राहते आणि एके दिवशी, बहुधा एखाद्या विश्वासाच्या मैत्रिणीसमोर, ‘मी आले’ म्हणते. त्या एका कान्याच्या फरकासाठी तिने किती धैर्य गोळा केलेले असते, याची नोंद कोणत्याही व्याकरणग्रंथात नाही. कोल्हापूर भागातील लेकी-सुना पिढ्यान्‌पिढ्या ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे बोलत आल्या आहेत आणि त्यावरून त्यांच्या स्त्रीत्वाचा पुरावा कोणी मागितलेला नाही. म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची रीत या भाषेला नवी नाही. ती रीत सरकारी खिडकीपाशी येऊन मोडते, आणि भाषेचे म्हणवणारे ते पाहत उभे राहतात, हा खरा आक्षेपाचा मुद्दा आहे.

ही मोडतोड परंपरेने केली, असे सांगणाऱ्यांनी इतिहास तपासावा. दख्खनमध्ये मराठी राजवटीच्या काळात हिजड्यांना भिक्षा गोळा करण्याचे हक्क आणि काही ठिकाणी जमिनीच्या व रोख नेमणुका मान्य केलेल्या होत्या; एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने त्या पुढच्या पिढीकडे चालू ठेवण्यास नकार दिला. त्यानंतर १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला आणि त्याच्या दुसऱ्या भागाने उत्तर हिंदुस्थानातील हिजड्यांची नावे, राहण्याचे ठिकाण व मालमत्ता यांची पोलिसी नोंदवही सुरू केली. त्या वहीत नाव चढलेल्या माणसाने स्त्रीवेशात सार्वजनिक जागी दिसणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरला, आणि त्याला मृत्युपत्र करण्यास, दानपत्र देण्यास व दत्तक घेण्यास अपात्र ठरवण्यात आले. लिहून देण्याचा अधिकारच काढून घेणे, हा या अन्यायाचा गाभा तेव्हापासूनचा आहे. पारलिंगी ओळख ही परदेशातून आलेली फॅशन आहे, असे म्हणणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात परदेशी सरकारने दिलेला तिरस्कारच आहे, आणि तो स्वदेशी संस्कृती म्हणून मिरवणे थांबले पाहिजे.

स्वतंत्र भारतात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल दिला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने आपले लिंग पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे, हे मान्य केले आणि लिंगबदलासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदेशीर ठरवले. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात हस्तक्षेपक होत्या, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

त्यानंतर २०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा संमत केला, आणि लिहून घेणाऱ्याने लिहून देणाऱ्याची जागा कशी बळकावली हे त्या मूळ कायद्याच्या रचनेत स्पष्ट दिसते. त्याच्या चौथ्या कलमाने स्वतःला जाणवलेल्या लिंगओळखीचा हक्क दिला, पण तो हक्क ‘तृतीयपंथी’ म्हणून मान्यता मिळालेल्या व्यक्तीलाच दिला. सहाव्या कलमाने ती मान्यता जिल्हादंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, प्रमाणपत्रावर सोपवली. आणि सातव्या कलमाने ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले. सप्टेंबर २०२० मधील नियमांनी शस्त्रक्रियेऐवजी समुपदेशन व संप्रेरक उपचार यांनाही वैद्यकीय हस्तक्षेपात धरून ही अट सैल केली, तरी शिक्का डॉक्टरचाच राहिला. न्यायालयाने जी अट बेकायदेशीर म्हटली, ती पाच वर्षांनी कायद्याच्या दाराने परत आली, हे सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही.

त्याच नियमांत चांगल्या तरतुदीही होत्या आणि त्या ठाऊक नसणे परवडणारे नाही. पहिले प्रमाणपत्र शारीरिक तपासणीविना, केवळ प्रतिज्ञापत्रावर, तीस दिवसांत द्यावे. ते दाखवल्यावर संबंधित कार्यालयाने नाव, लिंग व छायाचित्र पंधरा दिवसांत बदलावे. आणि बदललेल्या कागदावर मूळ कागदाचाच क्रमांक कायम ठेवावा, असे त्यांत नमूद केले होते. अर्जदाराला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय पोर्टलही सुरू झाले. तरतूद कागदावर असणे आणि ती खिडकीपर्यंत पोहोचणे यांतील अंतर किती, हे मात्र अर्जदाराच्या हातातील प्लास्टिकच्या पिशवीकडे पाहिल्यावर कळते. तीत जुन्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, दहावीचे गुणपत्रक असते, घडी पडून विरलेल्या राजपत्राच्या पानाची प्रत असते, आणि एका कार्डावरचा मिशा फुटू लागलेल्या मुलाचा फोटो दुसऱ्या कार्डावरील कुंकू लावलेल्या बाईशी जुळत नाही म्हणून प्रत्येक टेबलावर तेच तेच खुलासे द्यावे लागतात. कारकून यादीतील जुने नाव मोठ्याने पुकारतो, रांगेतील माणसे वळून पाहतात, आणि त्या हाकेला ‘ओ’ द्यायची की पाळी गमवायची, एवढीच निवड अर्जदारापुढे उरते.

कागद एकमेकांना साखळीसारखे बांधलेले असल्यामुळे एका कडीतील विसंगती सगळी साखळी अडवते. आधार आणि पॅन यांतील नाव, जन्मतारीख किंवा लिंग जुळले नाही तर जोडणी अडते, आणि ती अडली की बँकेचे व पगाराचे व्यवहारही अडकतात. पॅनच्या अर्जात २०१८ साली तृतीयपंथी पर्याय आला, मतदारयादीत ‘इतर’ हा रकाना २००९ साली आला. प्रत्येक कार्यालय आपापल्या घड्याळाप्रमाणे चालले आणि त्यांचे काटे जुळवण्याचा भार मात्र एकट्या माणसावर पडला. सर्वांत घट्ट कुलूप जन्मदाखल्याला आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे पंधरावे कलम नोंद चुकीची, कपटाने किंवा गैररीतीने केलेली असेल तरच दुरुस्तीची मुभा देते, म्हणून निबंधक म्हणतो की जन्माच्या वेळी केलेली नोंद चूक नव्हती. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये, कायदा बदलेपर्यंतची तडजोड म्हणून, जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे व लिंगनोंदी दाखल्यावर दाखवण्याची वाट काढली. ती बंद दारापेक्षा बरी असली, तरी जो कागद दाखवताच माणसाचे सगळे पूर्वायुष्य परक्यापुढे उघडे पडते, तो त्याचे संरक्षण करीत नाही. माध्यमिक शाळा संहिताही शाळा सोडल्यानंतर उघड चुकीखेरीज दाखल्यातील नोंद हलवू देत नाही. दुसऱ्याने नवजात शरीराकडे पाहून केलेले अनुमान ‘बिनचूक’ आणि त्याच माणसाने प्रौढपणी शपथेवर केलेले विधान ‘संशयास्पद’, ही उतरंड ज्यांना न्याय्य वाटते, त्यांनी तिचे समर्थन या व्यासपीठावर येऊन करावे.

विरोधकांचा पहिला आक्षेप फसवणुकीचा आहे. परंतु माणूस ओळखण्याचे काम ठसे, डोळ्यांची बुबुळे आणि क्रमांक करतात. क्रमांक तोच राहिला तर लिंगनोंद बदलल्याने कर्ज बुडत नाही की गुन्हा पुसला जात नाही. दुसरा आक्षेप राखीव जागांचा, आणि त्याचे उत्तर जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक या गावाने दिले आहे. ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीने भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, स्वतःचे लिंग स्त्री म्हणून निवडण्याचा त्यांचा अधिकार मान्य करून, तो ग्राह्य धरला. आणि गावकऱ्यांनी त्यांना निवडून दिले. अधिकाऱ्याला जे समजले नाही ते मतदारांना समजले. तिसरा आक्षेप सुधारकी वेशात येतो: तिसरा रकाना दिला, आता आणखी काय हवे? ज्याला तो रकाना हवा आहे त्याच्यासाठी तो अत्यावश्यक आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तो मिळवण्यासाठीसुद्धा न्यायालयाला राज्य शासनाला खडे बोल सुनवावे लागले. पण पारलिंगी पुरुष हा पुरुष आहे; त्याला सक्तीने तिसऱ्या रकान्यात बसवणे म्हणजे एका चुकीच्या खोलीतून काढून दुसऱ्या चुकीच्या खोलीत कोंडणे होय.

आता साहित्यिकांविषयी. मराठी कथा-कादंबरीने या माणसांची टाळी ऐकली, त्यांच्या दुःखाला दाद दिली, पण त्यांच्या अर्जाकडे पाहिले नाही. २०११ च्या जनगणनेत देशभर ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे ‘इतर’ या सदरात मोजली गेली. एवढ्या माणसांचा कागदाशी चाललेला झगडा हा विषय ज्यांना साहित्यबाह्य वाटतो, त्यांनी दलित आत्मकथनांनी जातीच्या दाखल्याला आणि शाळेतील हजेरीपटाला वाङ्मयात कसे स्थान मिळवून दिले, ते आठवावे. करुणा पुरेशी झाली. आता साक्ष हवी.

म्हणून या सभेने चार मागण्या निःसंदिग्धपणे मांडाव्यात. पुरुष, स्त्री वा तृतीयपंथी यांपैकी कोणतीही नोंद केवळ प्रतिज्ञापत्रावर, डॉक्टरच्या व जिल्हाधिकाऱ्याच्या निवाड्याविना व्हावी. अर्जेंटिनाने २०१२ पासून असा कायदा चालवून दाखवला आहे. १९६९ चा कायदा आणि शालेय संहिता यांत बदल करून नवा दाखला पूर्णपणे नवा द्यावा व जुनी नोंद मोहोरबंद ठेवावी. एका अर्जावर सर्व कागद बदलावेत. आणि कोणत्याही खिडकीवरून जुन्या नावाची हाक मारली जाऊ नये.

मराठी प्रतिज्ञापत्राच्या छापील नमुन्यात ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की’ अशी ओळ असते आणि सही करणाऱ्याने नको तो शब्द खोडायचा असतो. नोटरीच्या टेबलाशी वाकून एखादी मुलगी ‘देतो’वर रेघ ओढते आणि ‘देते’ तेवढे ठेवते, तेव्हा लिंगनोंदीचा निर्णय तिथेच, तिच्या हाताने, पुरा झालेला असतो. पुढे उरते ते फक्त लिहून घेण्याचे काम, आणि ते शासनाने मुकाट्याने, वेळेवर आणि अदबीने करावे.