फिनिशिंगचा खर्च : कुठे वाचला, कुठे अंगाशी आला
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही इंटिरियरवाला नाही. जन्म बँकेत गेला. पण गेल्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा पै-पैचा हिशेब वहीत लिहिला, म्हणून सेक्रेटरींनी मला इथे उभं केलंय. इमारतीला २५ वर्षं झाली. आता घरोघरी तोडफोड निघणार.

आधी फरशी. सगळे म्हणाले, मोझॅक काढा, व्हिट्रिफाइड टाका. जुन्या फरशीवरच टाइल चिकटवली तर स्लॅबवर वजन वाढतं, फरशी वर येते आणि दारं खालून तासावी लागतात. उखडली तर डेब्रिज उचलण्याचे पैसे वेगळे. मी बारीक भोकं रंग मिसळलेल्या व्हाइट सिमेंटने भरून घेतली आणि मशिनने पॉलिश करून घेतलं. नव्या फरशीच्या कोटेशनच्या चौथाईत काम झालं! घासकामाचा चिखल मात्र मोरीत सोडू देऊ नका, पाइपात घट्ट बसतो.

लाकूडकामात सुतार सरसकट ७१० नंबरचा मरीन प्लाय लिहून देतो. सिंकखाली तो हवाच. बेडरूमच्या कोरड्या कपाटाला ३०३ चालतो. आमच्या जुन्या कपाटांचे सांगाडे ठणठणीत होते. नुसतं लॅमिनेट बदललं.

आता फजिती सांगतो. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "साहेब, दोन दिवस पाणी भरून ठेवू, खाली उतरतं का बघू, मग टाइल." घरी पाहुणे यायचे होते, शिवाय त्याची दोन दिवसांची मजुरी डोळ्यांपुढे. मी म्हटलं, आजच लाव. तीन महिन्यांत खालच्या काकूंच्या छताला ओल धरली. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी नुकताच रंग काढलेला. त्याचे पोपडे पडायला लागले. काकू आधी कुणाला काही बोलल्या नाहीत, बादली ठेवून दिवस काढले. मला कळलं ते त्यांच्याकडे केळवणाला गेलो तेव्हा. पानावर बसलो आणि वर बघितलं. घास उतरेना.

नव्या टाइल्स फोडल्या, पुन्हा आणल्या. काकूंचं छत वाळायला वेळ गेला, रंग लग्नानंतरच लागला, तोही अर्थात माझ्या खर्चाने. उपविधीप्रमाणे आपल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च आपलाच असतो, सोसायटीचा नाही. लग्नाच्या फोटोंत तो डाग आहे, त्याला मी काय भरपाई देणार?

काकू समोरच बसल्या आहेत, हसतायत. त्यांना विचारूनच हे सांगितलं.

वही कुणाला हवी असेल तर घरी या. बाथरूमचं काम काढण्याआधी खालच्या घरी सांगून या, पाणी भराल तेव्हा त्यांनाही छत बघायला सांगा. पॉलिशवाल्याचा नंबर वॉचमनकडे ठेवलाय.