अणुसिद्धांताची वाटचाल आणि प्राथमिक शिक्षक



‘सर्व पदार्थ अणूंचे बनलेले असतात’ हे वाक्य वरच्या वर्गांतील मुले सहज म्हणून दाखवितात. परंतु एखाद्या चौकस मुलाने ‘गुरुजी, अणू तर दिसत नाही, मग तो आहे हे कशावरून?’ असा प्रश्न केला, म्हणजे ‘शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे’ एवढ्यावर पुष्कळदा त्याची बोळवण होते. हे उत्तर खोटे नाही. पण त्यामुळे शास्त्र म्हणजे मोठ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टींवर ठेवावयाचा विश्वास, अशी मुलाची समजूत होऊन बसते. वस्तुतः अणू मान्य करावयास विद्वानांनाही दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. ती का लागली आणि अखेरीस त्यांना कशाने पटले, हाच या पाठाचा गाभा होय.

अणूची कल्पना फार प्राचीन आहे. आपल्याकडे कणाद मुनींच्या वैशेषिक दर्शनात पृथ्वी, आप, तेज व वायू यांचे परमाणू मानले आहेत. दोन परमाणूंचे द्व्यणुक व तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते, अशी तेथील मांडणी आहे. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ल्युसिपस व त्याचा शिष्य डिमॉक्रिटस यांनी अविभाज्य कण आणि पोकळी एवढ्यांवर विश्वाची उभारणी कल्पिली. पदार्थाचे तुकडे करीत गेल्यास कोठे तरी थांबावेच लागेल, हा दोन्ही ठिकाणचा तर्क सूक्ष्म व अभिमानास्पद आहे. मात्र तो तर्क होता; तराजू आणि प्रयोग त्याच्या पाठीशी नव्हते. म्हणूनच ॲरिस्टॉटलसारख्या तत्त्ववेत्त्याने तो नाकारला तेव्हा त्याला गप्प करील असा पुरावा कोणाजवळच नव्हता. ‘आपल्या पूर्वजांना अणुशास्त्र सर्व ठाऊक होते’ असे वर्गात सांगणे मुलांना आवडेल. परंतु त्यामुळे कणादांचा गौरव वाढत नाही, उलट तर्क व प्रमाण यांतील भेद मात्र पुसला जातो.

प्रमाणाचा आरंभ तराजूने झाला. फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविले की, रासायनिक क्रियेत पदार्थांचे एकूण वजन घटत नाही की वाढत नाही. त्याच्यानंतर प्रूस्त याने दाखविले की, एखादे संयुग कोठूनही आणले व कसेही तयार केले, तरी त्यातील मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण तेच राहते. पाणी विहिरीचे असो वा पावसाचे. शुद्ध केले म्हणजे त्यात हायड्रोजनच्या १ भागास ऑक्सिजनचे ८ भागच असावयाचे. असे का व्हावे?

याचे उत्तर देणारा जॉन डाल्टन हा एक खेड्यातील शिक्षक होता. १७६६ साली इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यातील ईगल्सफील्ड या गावी एका विणकराच्या घरी त्याचा जन्म झाला. अवघ्या बाराव्या वर्षी तो गावच्या शाळेत मुलांना शिकवू लागला. पुढे केंडाल येथे भावाबरोबर त्याने शाळा चालविली व १७९३ साली तो मँचेस्टरला गेला. तेथेही शिकवण्यांवरच त्याचा चरितार्थ चाले. त्याची उपकरणे साधी असत. १७८७ साली त्याने हवामानाची नोंदवही सुरू केली, आणि तीत अखेरची नोंद त्याने १८४४ साली मृत्यूच्या आदल्या दिवशी केली. हवा व बाष्प यांच्या या नित्य निरीक्षणातूनच वायू कशाचे बनले असावेत, या प्रश्नाकडे तो वळला.

डाल्टनने १८०३ साली अणुभारांचे पहिले कोष्टक मांडले व १८०८ साली आपला सिद्धांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एका विशिष्ट वजनाचे असतात, ते फुटत नाहीत, आणि संयुगात ते लहान पूर्ण संख्यांनी एकत्र येतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याची युक्ती बाजारातील उदाहरणाने मुलांना समजेल. तेल हवे तितके मोजून घेता येते. पण नारळ नगावर विकला जातो. एक नारळ घ्या, दोन घ्या, दीड मिळावयाचा नाही. कार्बनचे ३ भाग ऑक्सिजनच्या ४ भागांशी संयोग पावले, म्हणजे एक विषारी वायू होतो. तेच ३ भाग ८ भागांशी संयोग पावले, म्हणजे आपण उच्छ्वासावाटे सोडतो तो वायू होतो. चाराचे एकदम आठ! ऑक्सिजन तेलासारखा असता, तर मधली सर्व प्रमाणे निघावयास हवी होती. ज्या अर्थी ती निघत नाहीत, त्या अर्थी तो नारळांप्रमाणे नगांनी येत असला पाहिजे. कोणीही न पाहिलेल्या वस्तूविषयी केवळ वजनांवरून काढलेले हे अनुमान होय.

डाल्टनची एक समजूत मात्र चुकली. पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एकच अणू आहे, असे त्याने धरले. त्यामुळे ऑक्सिजनचा अणुभार प्रत्यक्षाच्या निम्म्याहूनही कमी आला. ही गाठ इटलीतील व्हर्चेली येथे शिकविणाऱ्या आवोगाद्रो याने १८११ साली सोडविली. समान तापमानाच्या व समान दाबाच्या वायूंच्या सारख्या आकारमानात सारखेच रेणू असतात, आणि वायूचा रेणू एकाहून अधिक अणूंचा असू शकतो, असे त्याने सुचविले. दोन माप हायड्रोजन व एक माप ऑक्सिजन मिळून पाण्याची दोन माप वाफ होते, याचा उलगडा त्याने झाला. परंतु जवळजवळ पन्नास वर्षे रसायनशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १८५६ साली आवोगाद्रो निवर्तला, तोवर त्याच्या विचाराचे चीज झाले नव्हते. जिनोआ येथील प्राध्यापक कान्निझारो याने विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी हाच विचार पायाभूत धरून पाठ रचले व त्यांची रूपरेषा १८५८ साली छापली. १८६० साली जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे भरलेल्या परिषदेच्या अखेरीस ती पुस्तिका वाटण्यात आली, आणि हळूहळू मतभेद मिटू लागले. त्या परिषदेस हजर असलेल्या मेंडेलेव्हने पुढे विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिता लिहिता १८६९ साली मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली. रिकाम्या ठेवलेल्या जागांपैकी एक १८७५ साली गॅलियमने व दुसरी १८८६ साली जर्मेनियमने भरली. शिकविण्यासाठी विषय नीट लावून घेण्याच्या खटपटीतून शास्त्र पुढे गेले, याची ही दोन ठळक उदाहरणे शिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावीत.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओस्टवाल्ड व माख यांच्यासारखे मोठे विद्वान अणू ही हिशेबाची सोय आहे, प्रत्यक्ष वस्तू नव्हे, असेच म्हणत होते. हा वाद मिटविणारी गोष्ट पूर्वीच दिसून आली होती. १८२७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन याला परागांतील सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना सूक्ष्मदर्शकातून दिसले. १९०५ साली आइनस्टाइनने गणिताने दाखविले की, पाण्याच्या अदृश्य रेणूंचे धक्के बसत असतील, तर कण ठराविक काळात अमुक इतके सरकले पाहिजेत. फ्रान्समधील पेराँ याने १९०८ पासून मोजमापे घेतली, ती या गणिताशी जुळली, आणि ओस्टवाल्डने आपला विरोध उघडपणे मागे घेतला. पुरावा समोर येताच मत बदलण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आज १८ ग्रॅम पाण्यात सुमारे ६ वर २३ शून्ये इतके रेणू असतात, हे आपण निश्चयाने सांगू शकतो.

अणू खरा ठरत असतानाच तो अविभाज्य नाही हेही उघड होत होते. १८९७ साली जे. जे. टॉमसनने अणूहून कितीतरी हलका असा इलेक्ट्रॉन शोधला. १९०९ साली डाल्टनच्याच मँचेस्टर शहरात रदरफर्डच्या सांगण्यावरून गायगर व विशीतील विद्यार्थी मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण आरपार गेले; अगदी थोडे मात्र उलट फिरले. त्यावरून १९११ साली रदरफर्डने अनुमान केले की, अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान मध्यभागी एका अत्यंत लहान केंद्रकात साठलेले असून बाकीचा अणू बहुतांशी पोकळ आहे. १९१३ साली बोरने इलेक्ट्रॉनांच्या ठराविक कक्षा कल्पिल्या. परंतु १९२५-२६ पासून पुंजयामिकीने त्याही मागे टाकल्या. १९३२ साली चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. म्हणून पुस्तकातील सूर्यमालेसारखे चित्र ही समजुतीची एक पायरी आहे, अणूचे छायाचित्र नव्हे, हे मुलांस सांगावे. पुढे १९८१ साली झुरिक येथे बिनिग व रोरर यांनी तयार केलेल्या सूक्ष्मदर्शकामुळे पृष्ठभागावरील एकेक अणूची आकृतीही पाहता येऊ लागली. हायड्रोजनचे सुमारे १० कोटी अणू एका रांगेत ठेवावे, तेव्हा एक सेंटिमीटर लांबी भरते.

आता वर्गातील गोष्ट. विहिरीच्या पाण्यात टाकण्याच्या जांभळ्या औषधाचा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचा, एक बारीक खडा पेलाभर पाण्यात विरघळवावा. त्यातील दहावा भाग दुसऱ्या पेल्यात घेऊन तो पाण्याने भरावा, व असेच पुढे करावे. दोन-तीन पेल्यांपर्यंत गुलाबी छटा टिकते. एवढासा खडा किती बारीक वाटला गेला, हे मुले डोळ्यांनी पाहतात. मात्र यावरून ‘अणू सिद्ध झाला’ असे सांगू नये. पदार्थ फार सूक्ष्म वाटला जातो, एवढेच यातून ठरते; वाटणी कोठे थांबते, हे ठरत नाही. तसेच कौलांच्या फटीतून आलेल्या कवडशात नाचणारी धूळ दाखवून ‘हेच ब्राउनने पाहिले’ असेही म्हणू नये. ती धूळ वाऱ्याच्या झुळकांनी हलते. ब्राउनचे कण तिच्याहून पुष्कळ लहान होते. जेवढे दिसले तेवढेच बोलावयाचे, ही सवय मुलांना लागली तर त्या दिवसाचा पाठ सार्थकी लागला.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक तराजू, काही पेले, आणि ‘हे कशावरून?’ या प्रश्नाचे स्वागत करणारा शिक्षक एवढे पुरे. मुलाने हा प्रश्न विचारला म्हणजे त्याला खाली बसवू नये. डाल्टन, आवोगाद्रो व पेराँ यांच्या कथा त्याला क्रमाने सांगाव्यात, आणि जे आपणांस ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे मोकळेपणाने सांगून, पुस्तक उघडून मुलासह शोधावे.