काचेच्या पेटींतील शिकारी

दुकानांतील काचपात्रांत बोटाएवढीं काळीं-नारिंगी पिल्लें डुलत असतात. मुलें हट्ट धरतात, वडील माणसें किंमत विचारतात, आणि एक पिल्लूं पिशवींतून घरीं येतें. ऑस्कर माशाचा गृहप्रवेश बहुधा असाच होतो. तें पिल्लूं पुढें केवढें होणार, याचा विचार त्या वेळीं क्वचितच कोणी करतो.

ऑस्करचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉन नदीचें खोरें. लुई आगासीझ या शास्त्रज्ञानें १८३१ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानें या माशाला समुद्रवासी समजण्याची चूक केली होती! शेपटीच्या बुडाशीं नारिंगी कड्याचा काळा ठिपका असतो, तो थेट डोळ्यासारखा दिसतो. त्या नद्यांतील पिरान्हा इतर माशांचे पर कुरतडतात. हा खोटा डोळा त्यांना फसवीत असावा, असें अभ्यासकांचें अनुमान आहे. शिकाऱ्यालाही शिकाऱ्यांचें भय असतें, तें असें.

हें पिल्लूं वर्षाच्या आंतच वीतभर होतें. पूर्ण वाढ झालेला मासा ३० ते ३५ सेंटिमीटर भरतो आणि नीट निगा राखल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. अशा एका माशाला निदान चार फूट लांबीची, सुमारें ३०० लिटर पाण्याची पेटी हवी. नुसत्या पाण्याचेंच वजन ३०० किलो होतें. तेव्हां खालची चौकट भक्कम असावी. पाणी २४ ते २८ अंश सेल्सिअस उबदार असावें. मुंबईच्या हवेंत हें सहज साधतें. पुण्या-नागपुरच्या हिवाळ्यांत मात्र विजेचा तापक लागतो. तोही आडोशाला बसवावा, कारण ऑस्करला पेटींतील सामान उलथेंपालथें करण्याची भारी हौस! पेटीवर घट्ट झांकण हवें. सोबती असलेच तर त्याच्या तोंडांत न मावणारे असावेत.

परंतु पेटींत खरें भय त्याच्या जबड्याचें नसून त्याच्या भुकेचें असतें. जो पुष्कळ खातो, तो पाणीही पुष्कळ घाण करतो. माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. तो त्यांना विषच होय. गाळणींत वाढणारे सूक्ष्म जंतू अमोनियाचें नायट्राइट व त्याचें पुढें बरेंच सौम्य असें नायट्रेट बनवितात. नव्या पेटींत हे जंतू जम धरावयास कित्येक आठवडे लागतात; म्हणून पेटी आधीं, मासा मागाहून. सांचलेलें नायट्रेट काढण्यासाठीं दर आठवड्यास सुमारें चौथा हिस्सा पाणी बदलावें. नवें पाणी क्लोरीन घालवूनच ओतावें. गाळणींतील स्पंज नळाखालीं न धुतां पेटीच्या काढलेल्या पाण्यांतच खळबळावा, नाहींतर ते उपकारक जंतूच मरतात.

पाहुणे आले कीं जिवंत गोल्डफिश सोडून शिकारीचा तमाशा दाखविण्याचा मोह होतो. तो आवरावा. गोल्डफिशमध्यें थायमिन या जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें. शिवाय त्यांच्याबरोबर रोगही येतात. स्वगृहीं ऑस्कर किडे, झिंगे, लहान मासे, एवढेंच नव्हे तर फळेंही खातो. त्याला चांगल्या सुक्या खाद्याच्या गोळ्या, अधूनमधून गांडुळें व सोललेली कोळंबी द्यावी. वाढलेल्या माशाला दिवसांतून एक वेळ पुरे.

आणि एके दिवशीं तो पेटींत मावेनासा झाला तर? त्याला नदींत वा तळ्यांत सोडणें ही दया नव्हे. अमेरिकेंतील फ्लोरिडाच्या कालव्यांत परदेशीं गेलेल्या ऑस्करनें आज कायमचें बस्तान बसविलें आहे. सह्याद्रींतून निघणाऱ्या नद्यांत इतरत्र कोठेंही न आढळणारे लहान मासे आहेत. त्यांना या पाहुण्याच्या स्वाधीन कोण करील? मोठी पेटी असलेल्या जाणत्या माणसाकडे त्याला सोंपवावें.

ऑस्कर मालकाला ओळखूं लागतो, काचेपाशीं येऊन वाट पाहतो. अ‍ॅमेझॉनमध्यें तो स्वतःच्या बळावर जगतो. पेटींत त्याचें पाणी, ऊब, अन्न सारें दुसऱ्याच्या हातीं असतें. म्हणून तें बोटाएवढें पिल्लूं विकत घेण्यापूर्वीं दहा वर्षांचा हिशेब मनाशीं करावा, आणि तो न जुळला तर रिकाम्या हातानें परत यावें.