परदेशी कारागीर, देशी कामगार आणि वाराणसीचा धडा

(वाराणसी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कारखान्यात नवे यंत्र आले की त्याच्या पाठोपाठ परदेशी तंत्रज्ञ येतो, आणि तो आला की दोन प्रकारची भाषणे सुरू होतात. एक बाजू म्हणते, आपल्या माणसांना हे काम जमत नाही, बाहेरून माणसे आणल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी बाजू म्हणते, परक्याला दारात उभे करू नका, तो आमच्या पोरांची भाकरी पळवतो. युनियनने कोणाची री ओढायची? आमचे म्हणणे असे की दोघांचीही नाही. ज्या शहरात आज आपण जमलो आहोत, त्या शहरानेच या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

येथील डिझेल इंजिन कारखान्याची कोनशिला १९५६ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसवली. आपल्याकडे डिझेल इंजिन बांधण्याची विद्या तेव्हा नव्हती. म्हणून अमेरिकेच्या अल्को कंपनीशी करार झाला. आधी तयार इंजिने आली, मग सुटे भाग आले, ते येथे जोडले गेले, आणि जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते येथले पहिले इंजिन देशाला अर्पण झाले. आपल्यापैकी जे लोकोशेडमध्ये राबले आहेत, त्यांना २६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ इंजिन वेगळे सांगायला नको. त्याच्या आवाजावरून कुठे बिघाड आहे हे ओळखणारे मिस्त्री प्रत्येक शेडमध्ये होते.

पुढे काय झाले ते ध्यानात घ्या. १९६९ साली अमेरिकेत ती अल्को कंपनीच बंद पडली. गुरूचे दुकान बंद झाले, शिष्याचे चालू राहिले! वाराणसीत त्याच घराण्याची इंजिने पुढे कित्येक वर्षे तयार होत राहिली, त्यांत सुधारणा झाल्या, टांझानिया, बांगलादेश, श्रीलंका, व्हिएतनाम अशा देशांना ती विकली गेली. १९९५ साली पुन्हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सशी नव्या इंजिनांचा करार झाला. पहिली इंजिने तिकडून आली, आणि २००२ साली तेच इंजिन वाराणसीत तयार होऊन बाहेर पडले. डिझेलचे दिवस सरत आले तेव्हा याच कामगारांनी विजेची इंजिने बांधायला घेतली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारखान्याचे नाव बदलून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. पाटी बदलली, हात तेच राहिले.

हे कशामुळे जमले? परदेशी माणूस आला तो शिकवायला आला, मुक्काम ठोकायला आला नाही. आणि ज्याला त्याने शिकवले तो आपला कामगार कायम नोकरीवर होता. आज शिकला आणि उद्या ठेकेदाराने काढून टाकला, असे झाले नाही. तो तीस-पस्तीस वर्षे त्याच शॉपमध्ये राहिला आणि त्याने पुढच्या पिढीला हाताला धरून शिकवले. साथींनो, कसब कागदावरच्या करारात राहत नाही, ते माणसाच्या हातात राहते. माणूस टिकला तर कसब टिकते.

याच्या उलट काय होते तेही आपल्या रेल्वेने पाहिले आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली तेव्हा ड्रायव्हर आणि गार्ड विलायतेतून आणले होते. सुरुवात म्हणून ते समजू शकते. पण सत्तर वर्षांनंतर काय चित्र होते? १९२१ च्या अ‍ॅकवर्थ समितीने अहवालात नोंद केली की रेल्वेत सुमारे ७ लाख १० हजार माणसे आहेत, त्यांत युरोपियन जेमतेम ७ हजार, परंतु सर्वांत वरच्या जागांवर हिंदी माणूस एकही नाही. म्हणजे शंभरात एक साहेब, आणि सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला! हिंदी माणसाला येत नव्हते असे नाही. अजमेरच्या कारखान्यात १८९५ सालीच संपूर्ण इंजिन तयार झाले होते. येत होते, पण दिले जात नव्हते.

आता आजच्या काळाकडे येऊ. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्लीहून पहिली वंदे भारत गाडी सुटली, ती याच वाराणसीला आली. ती चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने बांधली. तो कारखाना १९५५ साली स्विस कंपनीच्या मदतीने सुरू झालेला. वंदे भारतसाठी काही सुटे भाग, काही सल्ला बाहेरून घेतला. पण गाडी उभी केली ती रेल्वेच्या इंजिनिअरांनी आणि रेल्वेच्या कामगारांनी, सुमारे दीड वर्षात. त्याच वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये, या उत्पादन कारखान्यांचे वेगळे महामंडळ करण्याचा प्रस्ताव पुढे आला! वाराणसीचे कामगार तेव्हा बायकामुलांसह रस्त्यावर उतरले होते.

आणि आपल्या लातूरचे काय? मराठवाड्यातील त्या डबा कारखान्यासाठी २०२३ साली रशियन भागीदारी असलेल्या कंपनीशी करार झाला. वंदे भारतचे १९२० डबे बांधायचे आणि ३५ वर्षे त्यांची देखभालही त्याच कंपनीने पाहायची. रशियन इंजिनिअर लातूरला आला तर आमची हरकत नाही. आम्ही विचारतो ते एवढेच, की लातूर, बीड, धाराशिवचा आय.टी.आय. झालेला मुलगा त्याच्या शेजारी उभा राहून शिकणार आहे की नाही? शिकला तर कायम होणार आहे की नाही? ३५ वर्षे म्हणजे कामगाराचा एक पूर्ण जन्म. तेवढा काळ रेल्वेच्या कामगाराने त्या डब्याला स्पॅनर लावला नाही, तर करार संपल्यावर रेल्वेत ते काम जाणणारा उरेल कोण? मग तेच म्हणतील, बघा, यांना येत नाही!

कायदा आपल्या बाजूचा आहे. परदेशी माणसाला नोकरीचा व्हिसा देताना सरकारचा नियम असा की ज्या कामाला येथे पात्र माणसे मुबलक आहेत त्या कामासाठी, किंवा साध्या कारकुनी कामासाठी, तो द्यायचा नाही. आणि काही अपवाद सोडले तर पगार वर्षाला १६ लाख २५ हजारांच्या वर हवा. नियमाला वळसा घातला जातो तो कामाच्या ठिकाणी. वीज प्रकल्पांवर हजारो चिनी कामगार धंद्याच्या व्हिसावर येऊन साधी कामे करत होते. २००९ साली सरकारला त्यांना परत पाठवून नोकरीचा व्हिसा काढायला सांगावे लागले. तो दोष त्या गरीब चिनी कामगाराचा नव्हता. ज्याने त्याला आणला त्याचा होता.

येथे आम्हाला एक कडू गोष्टही बोलायची आहे. १९ ऑक्टोबर २००८ रोजी रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तरेकडच्या मुलांना परीक्षा केंद्रांवर मारहाण झाली. ज्या प्रांतातली ती मुले होती, त्या प्रांतात आज आपण सन्मानाने बसलो आहोत. मराठी मुलांची तक्रार खोटी नव्हती. जाहिरात पोहोचत नव्हती, परीक्षा मराठीत नव्हती. पुढे परीक्षा प्रादेशिक भाषांतही होऊ लागल्या, तो खरा इलाज. मारलेली मुलेही बेकार आणि मारणारी मुलेही बहुतेक बेकारच. जागा मात्र रिकाम्याच राहिल्या. २०२३ साली संसदेत सांगितले गेले की रेल्वेत क वर्गाच्या अडीच लाखांच्या आसपास जागा रिकाम्या आहेत. त्या कोणा परदेशी माणसाने खाल्ल्या काय? मार्च २०१८ मध्ये माटुंगा-दादरला रुळांवर बसलेले अप्रेंटिस आपलीच पोरे होती. रेल्वेने शिकवले आणि रेल्वेनेच दाराबाहेर ठेवले.

शिवाय आपली माणसेही परदेशी जातातच की! जानेवारी २०२४ मध्ये लखनौला इस्रायलसाठी गवंडी आणि सुतार यांची भरती झाली. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावली, तेव्हा आपल्या घराघरांत काळजी पसरली. तिकडे आपल्या मुलाला समान पगार आणि माणुसकी मिळावी असे आपण म्हणतो. मग इकडे येणाऱ्याला वेगळा न्याय लावता येणार नाही. स्वस्तात राबवायला आणलेला माणूस, देशी असो वा परदेशी, सगळ्यांचाच पगार खाली ओढतो. त्याला युनियनमध्ये घेणे हाच त्यावर उपाय.

टपाल बंधूंनी हा प्रश्न रेल्वेचाच समजू नये. २०२५ च्या ऑगस्टपर्यंत देशभरच्या टपाल कार्यालयांत जी नवी संगणक प्रणाली लागू झाली, ती म्हैसूरच्या टपाल खात्याच्याच तंत्रज्ञान केंद्राने तयार केली. तेव्हा खात्याच्या माणसाला जमत नाही, हे वाक्य यापुढे काउंटरवर कोणी ऐकून घेऊ नये.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. परदेशी तंत्रज्ञ येईल तर त्याच्या मुक्कामाची मुदत करारात लिहा. प्रत्येक तंत्रज्ञाबरोबर शिकणारे आपले कामगार नेमा आणि त्यांची नावे युनियनला कळवा. जो शिकेल त्याला कायम करा. देखभालीचे काम काही वर्षांत खात्याच्या शेडकडे आणा. रिकाम्या जागा भरा. आणि काम सारखे तर पगार सारखा, मग माणूस कुठल्याही देशाचा, कुठल्याही प्रांताचा असो.

साथींनो, आपापल्या शाखेत गेल्यावर पहिल्या सभेत एवढे करा. आपल्या शेडमध्ये, डेपोत, कार्यालयात कोणते काम बाहेरच्या कंपनीकडे गेले आहे आणि ते करू शकणारी आपली माणसे किती आहेत, याची यादी करा. नावानिशी करा. प्रशासनापुढे रिकाम्या हाताने जायचे नाही, ती यादी घेऊन जायचे.

कामगार एकजुटीचा विजय असो!