तोफ आणि तिबोटी खंड्या

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू त्या तोफेबद्दल बोल. पंधरा मिनिटं. स्लाइड नकोत, प्रोजेक्टरचा भरवसा नाही." सॉफ्टवेअरमध्ये वीस-बावीस वर्षं काढल्यावर स्लाइडशिवाय बोलायची सवय मोडते, तेव्हा सांभाळून घ्या. तोफ म्हणजे माझी लेन्स. भिगवणच्या होडीत ती डोळ्याला लावून बसलेला माझा फोटो आपल्या ग्रुपवर आला आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं, "शत्रू टप्प्यात आला का?" तेव्हापासून ती तोफच.

आधी ही तोफ नेमकं करते काय ते सांगते. लेन्स ६०० मिलिमीटरची आहे. तुमच्या फोनचा नेहमीचा कॅमेरा १० मीटरवरून जवळपास १४ मीटर रुंदीची जागा टिपतो. म्हणजे हे अख्खं स्टेज, दोन्हीकडचे पडदे आणि पडद्याआड डुलक्या घेणारा साउंडवाला. त्याच १० मीटरवरून माझ्या कॅमेऱ्यात ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच एवढीच जागा मावते. तेवढ्यात एक बुलबुल बसला तर तो फोटोची एक तृतीयांश रुंदी व्यापतो. त्याच्या डोळ्यातली चमकसुद्धा दिसते.

याची किंमत मोजावी लागते. एवढ्या अंतरावर जेमतेम १० सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, पुढचं-मागचं सगळं धूसर. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर डोळा लख्ख आणि शेपटी गायब. पक्षी जेवढ्या पटीत मोठा दिसतो, तेवढ्याच पटीत आपल्या हाताची थरथरही मोठी होते. त्यामुळे बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा ५०० वा भाग आणि उडत्याला २००० वा किंवा त्याहून कमी, असा हिशोब ठेवावा लागतो. माझी लेन्स दोन किलोंच्या आसपास आहे. याहून मोठी, एफ/४ ची असते. तिची पुढची काच १५ सेंटिमीटर व्यासाची, वजन तीन किलोंच्या वर आणि किंमत दहा लाखांच्या पुढे. ती माझ्याकडे नाही. घराचे हप्ते फिटेपर्यंत येणारही नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच किमतीच्या लेन्सला जमत नाही. ऊन चढलं की उजनीच्या पाण्यावरची हवा लवलवायला लागते. दोनशे मीटरवर उभा असलेला रोहित पक्षी मग पाण्यातल्या सावलीसारखा हलतो, कारण लेन्स पक्ष्याबरोबर मधल्या हवेलाही मोठं करते. म्हणून पहाटे उठायचं. शाळेत मला रोज उशीर व्हायचा, हे आठवून ज्या बाई आत्ता हसतायत त्यांनी भिगवणच्या होडीवाल्यांना विचारावं. मी उजाडायच्या आधी हजर असते.

आपण शाळेत होतो तेव्हा भिगवण म्हणजे रेल्वे स्टेशन आणि मासळी. बारामतीपासून एवढं जवळ, पण पक्षी बघायला तिथे जायचं हे आपल्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. आता कुंभारगाव, डिकसळकडे हिवाळ्यात रविवारी गाड्या लावायला जागा मिळत नाही. तिथे रोहित असतात, चक्रवाक असतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब असतात. हे पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून उंच उडताना त्यांची नोंद झालेली आहे. एवढं करून ते उजनीच्या काठावर गवत खायला उतरतात आणि होडीतला एक जण म्हणतो, "जरा उडवा की, उडतानाचा फोटो पाहिजे."

हे मी अनेकदा ऐकलं आहे. एका होडीवाल्याचं उत्तर मात्र एकदाच ऐकलं आणि विसरले नाही. वल्हं आडवं ठेवून तो म्हणाला, "खात्यात ती. तुम्ही जेवायला बसल्यावर म्या ताट वढलं तर चालंल का?" त्या माणसाची रोजची कमाई आमच्यासारख्यांवर चालते. तरी तो नाही म्हणाला.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. हल्लीचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप शोधतात. फांद्यांच्या गुंत्यात चिमणीएवढा पक्षी असला तरी एक छोटा चौकोन जाऊन बरोबर डोळ्यावर बसतो. ही सॉफ्टवेअरची करामत आहे आणि मला तिचं मनापासून कौतुक आहे. सेकंदाला २० फोटो निघतात. एका सकाळी दोन-तीन हजार सहज होतात आणि पुढचे चार दिवस ते पुसण्यात जातात. पण तो चौकोन फक्त डोळा शोधतो. तो डोळा घाबरलेला आहे का, हे त्याला कळत नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की आपण तिच्या अंड्यांजवळ आलोय आणि आल्या पावली मागे फिरायचं, हे माळावर गुरं चारणाऱ्या पोराला कळतं. उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. आपण तिथे कॅमेरा लावून बसलो तर तेवढा वेळ ती अंडी तापत पडतात.

मला आज बोलायचंय ते इथूनच सुरू होतं. थोडा इतिहास सांगते, नागरिकशास्त्रासारखा कंटाळवाणा नाही. पक्ष्यांची फोटोग्राफी सुरू झाली तीच घरट्यावर. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कार्टन या भावांनी १८९२ मध्ये घरट्यातल्या अंड्यांचा फोटो काढला. पुढे पक्ष्यांजवळ जाण्यासाठी त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन उभे राहिले. एरिक हॉस्किंग नावाचे मोठे छायाचित्रकार १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ गेले. घुबडाने झडप घातली आणि त्यात त्यांचा डावा डोळा गेला. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'ॲन आय फॉर अ बर्ड'. आपल्याकडे लोथर यांचं 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' १९४९ मध्ये आलं, त्यातही घरटीच घरटी. या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. लेन्स आखूड, फिल्म मंद, कॅमेरा अवजड. पक्षी खात्रीने पुन्हा पुन्हा येईल अशी जागा एकच, घरटं. त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता.

आपल्याकडे आहे. मोठी लेन्स आली ती याचसाठी, की त्याच्या घराच्या दारात उभं न राहता पक्षी बघता यावा. आणि आपण काय करतो, तर तीच लेन्स घेऊन घरट्याच्या दारात उभे राहतो. मला हे कळत नाही. ट्रायपॉडची रांग लावून, पाळ्या ठरवून, आड येणारी पानं बांधून किंवा चक्क तोडून. त्या पानांमुळेच तर घरटं कावळ्याला दिसत नव्हतं!

आता खंड्याची गोष्ट. ती ग्रुपवर अर्धी सगळ्यांनी वाचली आहे, उरलेली मी सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे.

आपली एक मैत्रीण लग्नानंतर चिपळूणकडे गेली. गावाचं नाव सांगत नाही, का ते कळेलच. तिच्या घरामागे पऱ्या आहे आणि त्याच्या मातीच्या दरडीत यंदा जूनमध्ये तिबोटी खंड्याच्या जोडीने बीळ केलं. पक्षी १३ सेंटिमीटरचा, चोचीसकट. पिवळं-नारिंगी पोट, जांभळट डोकं, गडद निळी पाठ, लालभडक चोच, पायाला तीनच बोटं. पावसाबरोबर कोकणात येतो, नर-मादी मिळून बीळ खोदतात आणि पिल्लांना बेडूक, खेकडे, सापसुरळ्या भरवतात. तिने आठ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, "रंग बघा गं." संध्याकाळपर्यंत चौघांचं जायचं ठरलं, आणि कुणाच्या तरी ओळखीतल्या टूरवाल्याने तिला फोन करून माणशी पैसे देऊ केले. रात्री तिचा मला फोन. पैशाचा मोह तिला नव्हता, पण आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं हा प्रश्न होता. कोकणात आणि आपल्याकडे तो सारखाच अवघड.

मी तिला म्हटलं, आधी मोज. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, सकाळी सात ते नऊ. पक्षी चोचीत काही घेऊन किती वेळा बिळात जातो. तिने दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर रकाने आखले. बाई, अगदी तुम्ही निरीक्षणाच्या वहीत आखायला लावायचात तसे. शनिवारी ११ खेपा झाल्या. रविवारी चौघं आले. दहा मीटरवर ट्रायपॉड, छत्र्या, कुजबूज. त्याच दोन तासांत खेपा ३. एकदा पक्षी चोचीत सापसुरळी घेऊन बांबूवर आला आणि पंचवीस मिनिटं तिथेच बसून राहिला. मग तसाच उडून गेला. आता एका सकाळची मोजणी म्हणजे संशोधन नाही, हे मलाही कळतं. रविवारी पाऊसही जास्त होता. पण नऊ वाजता तिने चौघांना चहा दिला आणि सांगितलं की आता पुरे.

त्या चौघांतला एक आपल्याच वर्गातला. त्याने दुपारी ग्रुपवर फोटो टाकला. फोटो अप्रतिम होता. बांबूवर बसलेला खंड्या, चोचीत सापसुरळी, पावसाचे थेंब, मागे हिरवा अंधार. पासष्ट लाइक. कुणीतरी लिहिलं, "काय पोज दिली आहे!" आणि तिने खाली वहीच्या पानाचा फोटो टाकला. फक्त पान, शब्द एकही नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दोन जण ग्रुप सोडून गेले, एक परत आला. त्या मित्राचा मला फोन आला, चांगलाच चिडलेला. त्याचं म्हणणं, "आम्ही हललो नाही, काही तोडलं नाही, दहा मीटर लांब होतो. अजून काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, दहा मीटर पुरे की नाही हे तू नाही, पक्षी ठरवतो, आणि त्याने पंचवीस मिनिटं बसून सांगितलं. त्या फोटोत पोज नव्हतीच. घरी जाता येत नाही अशा बापाचा किंवा आईचा तो फोटो होता. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फोटो काढून टाकू का?" मी म्हटलं, ठेव, पण खाली खरं काय ते लिही. त्याने लिहिलं. पासष्ट लाइक मिळवण्यापेक्षा ते अवघड होतं.

आणि ज्यांना हे सगळं भावनिक वाटतं त्यांच्यासाठी कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. बंदूक, सापळा, विष हे त्यात असणारच. पण वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं हेही त्याच व्याख्येत बसतं. म्हणजे ग्रुपवर मला "शत्रू टप्प्यात आला का" विचारणारा कायद्याच्या अंगाने अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी गेले. स्वयंपाकघराची खिडकी दरडीपासून साधारण २५ मीटर. तिथून माझ्या चौकटीत दीड मीटर रुंदी येते आणि त्यात हा एवढासा पक्षी. आषाढातला उजेड, आयएसओ ६४००, फोटो रव्यासारखा दाणेदार. पण चोचीतला खेकडा ओळखू येतो. मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि दोन तासांत १० खेपा. स्मरणिकेसाठी तोच फोटो दिला आहे, छपाईत आणखी वाईट दिसेल. ऑगस्टमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. बांबूवर दोन पिल्लं बसली होती, आखूड चोचीची, मळकट रंगाची.

बऱ्याच जणांनी विचारलंय, कुठली लेन्स घेऊ. मुलं मोठी झाली, हातात थोडे पैसे आले, आपलं वयच ते आहे. माझं उत्तर: आधी ८ × ४२ ची दुर्बीण घ्या आणि एक वर्ष काढा. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर मला फोन करा.

उद्या पहाटे पाचला शाळेच्या फाटकातून भिगवणला गाडी निघते आहे, नावं आपल्या कोषाध्यक्षांकडे द्या. भडक कपडे नकोत. तोफ मागच्या टेबलावर ठेवली आहे, कुणालाही बघता येईल. दोन हातांनी उचला आणि पुढच्या काचेला बोट लावू नका. बटाटेवडा खाल्लेलं तर मुळीच नाही.