रात्रीची पोपटी आणि पहाटेची स्वप्नं

रायगडच्या पट्ट्यात थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की रात्री शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्यानं बंद करून मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही की तेल नाही! खाईपर्यंत बरीच रात्र होते.

मग पहाटे चित्रविचित्र स्वप्नं पडली, तर दोष वालाचा?

थेट तसं सिद्ध झालेलं नाही. मात्र वालातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांचा वायू करतात. पोट फुगलं की झोप मोडते, आणि स्वप्न चालू असताना जाग आली की ते ठळक आठवतं.

कॅनडातल्या १,०८२ विद्यार्थ्यांची पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. खाण्यामुळे स्वप्नं बदलतात, असं जेमतेम ५.५ टक्क्यांना वाटलं. पण दुधातली साखर न पचणाऱ्यांमध्ये पोटाचा त्रास आणि दुःस्वप्नांची तीव्रता यांचा संबंध दिसला. चरकसंहितेतल्या स्वप्नांच्या सात प्रकारांतही वात-पित्त-कफ या दोषांमुळे पडणारी स्वप्नं वेगळी मोजलेली आहेत, हे आवर्जून सांगायला हवं.

पोपटी दिवेलागणीलाच लावली, तर झोपेआधी पोटाला दोन-तीन तास मिळतात.